रामबाम आणि ॲरिस्टॉटल: बुद्धी-श्रद्धेचं भांडण नेमकं कुठे होतं?

११९९ साली इजिप्तमधल्या फुस्तात गावातून (आज तो कैरोचा जुना भाग आहे) एका डॉक्टरने दक्षिण फ्रान्समधल्या आपल्या भाषांतरकाराला पत्र लिहिलं. भाषांतरकाराला भेटायला यायचं होतं, अडलेल्या जागा समोर बसून विचारायच्या होत्या. डॉक्टरने कळवलं ते थोडक्यात असं: या जरूर, पण तासभर निवांत बोलायला मिळेल अशी आशा धरू नका. रोज सकाळी मला सुलतानाकडे हजेरी लावावी लागते. वाड्यात कोणी आजारी असलं तर दिवस तिकडेच जातो, नसलं तरी परतायला दुपार उलटते. घरी येतो तो भुकेने जीव कासावीस झालेला असतो आणि बाहेरच्या दालनात ही गर्दी. ज्यू, परधर्मीय, न्यायाधीश, शिपाई, मित्र, शत्रू, सगळे. जनावरावरून उतरतो, हात धुतो आणि 'दोन घास खाऊन घेऊ द्या' म्हणून पेशंटांची मनधरणी करतो. चोवीस तासांतलं ते एकच खाणं. मग रात्र पडेपर्यंत तपासणी. शेवटी शेवटी बसवतही नाही, आडवा पडूनच औषधं सांगतो.

या दमलेल्या डॉक्टरचं नाव मोशे बेन मैमोन. युरोपात तो मायमोनिडीज म्हणून ओळखला जातो. ज्यू लोक 'रब्बी मोशे बेन मैमोन'ची आद्याक्षरं जोडून त्याला 'रामबाम' म्हणतात. (रामबाण नव्हे, पण डॉक्टरला शोभलं असतं.) न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये त्याच्या नावाचं मोठं रुग्णालय आहे, इस्रायलच्या जुन्या एक शेकेलच्या नोटेवर त्याचं चित्र होतं. ज्या ग्रंथाच्या भाषांतरासाठी हा पत्रव्यवहार चालला होता, त्याच्या अरबी नावाचा अर्थ होतो 'गोंधळलेल्यांचा वाटाड्या'.

गोंधळलेला कोण? रामबामच्या डोळ्यांसमोर अगदी ठरावीक माणूस होता. धर्म मनापासून पाळणारा, पण तर्कशास्त्र आणि खगोलशास्त्रही शिकलेला. तो तोराह उघडतो (ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, प्राचीन काळच्या प्रेषित मोशेच्या नावचे पाच ग्रंथ) आणि वाचतो की देवाने आपल्या बोटाने दगडी पाट्यांवर आज्ञा लिहिल्या. इकडे तर्क सांगतो की देवाला शरीर असूच शकत नाही. तर्क धरावा तर धर्म सुटल्यासारखं वाटतं, शब्द धरावेत तर शिकलेलं सगळं फेकून द्यावं लागतं. हा ग्रंथ त्या एका माणसासाठी आहे. नास्तिकाला आस्तिक करणं हा त्याचा उद्योगच नाही.

ॲरिस्टॉटल तिथवर पोचला कसा?

नवव्या-दहाव्या शतकांत बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांची अरबी भाषांतरं मोठ्या प्रमाणावर झाली. मुस्लिम जगात राहणाऱ्या ज्यूंची रोजची भाषा अरबीच होती. फक्त ती ते बरेचदा हिब्रू अक्षरांत लिहीत. गोव्यात कोकणी रोमन लिपीत लिहितात, तिथे भाषा आपली आणि अक्षरं परकी. इथे उलट: भाषा शेजाऱ्याची, अक्षरं आपली. 'वाटाड्या'ही असाच लिहिलेला आहे. त्यामुळे अल-फाराबी, इब्न सीना हे मुस्लिम तत्त्वज्ञ ज्यू वाचकाला परके नव्हते. रामबाम ११३८च्या सुमारास स्पेनमधल्या कोर्दोबात जन्मला. ॲरिस्टॉटलचा सर्वांत मोठा मुस्लिम भाष्यकार इब्न रुश्द त्याच गावात बाराच वर्षं आधी जन्मला होता. ११४८मध्ये अल-मोहाद या कडव्या मुस्लिम घराण्याची राजवट आली, ज्यूंना जगणं कठीण झालं आणि मैमोन कुटुंब मोरोक्कोतलं फेझ, मग पॅलेस्टाइन असं करत इजिप्तला स्थिरावलं.

त्या काळी 'तत्त्वज्ञान' म्हणजे नुसतं देव-आत्म्याचं चिंतन नव्हे. भौतिकशास्त्र, खगोल, वैद्यक, तर्क, सगळं त्यात आलं. म्हणजे ॲरिस्टॉटल नाकारणं हे आज विज्ञानाची अख्खी शाखा नाकारण्यासारखं होतं.

उत्तर शेवटच्या पानावर असतं ना, तसं

रामबामच्या कितीतरी आधी, ९३३च्या सुमारास, सादिया गाओनने एक साधा प्रश्न घेतला होता. इजिप्तमध्ये जन्मलेला हा विद्वान इराकातल्या सुरा इथल्या नामांकित धर्मपीठाचा प्रमुख झालेला. प्रश्न असा: बुद्धीने सत्य कळतं म्हणता, तर मग देवाने ते वेगळं सांगायची गरज काय?

त्याचं उत्तर म्हणजे चक्क गणिताचा एक दाखला आहे. एकाकडे हजार नाणी आहेत. त्याने पाच जणांना प्रत्येकी २० दिली, सहा जणांना प्रत्येकी १६ पूर्णांक दोन तृतीयांश, सात जणांना १४ पूर्णांक दोन सप्तमांश, आठांना साडेबारा, नवांना ११ पूर्णांक एक नवमांश. उरली किती? माणूस हिशेबाला बसेल, पण वेळ लागेल. म्हणून मालक आधीच सांगून टाकतो: पाचशे. (प्रत्येक गटाला बरोबर शंभर गेली आहेत, करून पाहा.) आता ऐकणाऱ्याला उत्तर वापरता येतं आणि सवडीने ताळाही पाहता येतो.

शाळेच्या गणिताच्या पुस्तकात मागे उत्तरं छापलेली असत, तशी सादियाच्या लेखी तोराह. उत्तर पाहणं म्हणजे लबाडी नव्हे. सगळ्यांना हिशेब जमेपर्यंत थांबलो तर बहुतेकांचं आयुष्य संपेल. पण सादियाचा खरा भरवसा हा की ताळा जुळणारच. नाही जुळला तर? ती वेळ रामबामवर आली.

हात, बोट, सिंहासन

'वाटाड्या'च्या पहिल्या भागातली बरीच प्रकरणं एखाद्या शब्दकोशासारखी आहेत. 'बसणं', 'चढणं', 'डोळा', 'पाय' असा एकेक हिब्रू शब्द घ्यायचा आणि तो देवाबद्दल आला की कोणत्या अर्थाने घ्यायचा ते सांगायचं. वाचायला कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोला. पण युक्ती जुनी आणि घरचीच आहे. ज्यू धर्मगुरू आधीपासून म्हणत आले होते की तोराह माणसांच्या भाषेत बोलते. आपण 'सरकारचे हात लांब असतात' म्हणतो तेव्हा कोणी बाह्या मोजत नाही.

इथवर ठीक. पण रामबामने आपल्या कायद्याच्या ग्रंथात एक पाऊल पुढे टाकलं: देवाला शरीर आहे असं मानणारा पाखंडी. यावर फ्रान्सच्या दक्षिणेतल्या अब्राहम बेन डेव्हिड या धर्मपंडिताने टिप्पणी केली की त्याला पाखंडी का म्हणता? रामबामहून थोर आणि भली माणसं, ग्रंथांत वाचलं त्यावरून, असंच मानत आली. माझा वैयक्तिक कल या पंडिताकडे झुकतो. त्याचंही म्हणणं देवाला शरीर आहे असं नव्हतंच. भाबड्या माणसाला धर्माबाहेर काढू नका, एवढंच तो म्हणत होता.

रामबाम शरीरावर थांबला नाही. 'देव ज्ञानी आहे', 'देव दयाळू आहे' ही वाक्यंही त्याला खुपतात, कारण गुण चिकटवला की एकाचे दोन होतात, देव आणि त्याची दया. मग बोलायचं कसं? दोनच मार्ग उरतात. एक, देवाच्या कृतीबद्दल बोला: पोटातल्या गर्भाची जी व्यवस्था दिसते, तशी माणसाने केली असती तर आपण तिला दया म्हटलं असतं. दोन, तो काय नाही ते सांगा.

दुसऱ्या मार्गासाठी त्याने जहाजाचं उदाहरण दिलंय. 'जहाज' नावाचं काहीतरी आहे एवढंच एकाला ठाऊक आहे. दुसऱ्याला कळतं की ते खनिज नाही. तिसऱ्याला, ते प्राणी नाही. पुढच्याला, ते जमिनीत उगवलेलं झाड नाही. मग सपाट फळी नाही, गोळा नाही, टोकदार नाही, आतून भरीव नाही. दहाव्या माणसापर्यंत येता येता जहाज जवळजवळ डोळ्यांसमोर उभं राहतं, आणि कोणी 'ते असं आहे' म्हटलेलं नसतं. मराठी वाचकाला इथे उपनिषदातलं 'नेति नेति' आठवणारच. आठवू द्या, फक्त हे तिथून आलं असं समजू नका. रामबामची वाट ग्रीक-अरबी तर्कातून आलेली आहे.

मग प्रार्थना कोणाची करायची?

हा आक्षेप तेव्हाही होता आणि रास्त होता. ज्याच्याबद्दल 'नाही, नाही' एवढंच म्हणायचं, त्याच्यापुढे रडायचं कसं?

रामबामचं मत असं की शुद्ध उपासना म्हणजे मौन चिंतन. पण माणूस एका उडीत तिथे जात नाही, हे त्याला डॉक्टर असल्याने असेल, पक्कं कळत होतं. यज्ञासारखे पशुबळी तोराहमध्ये का आहेत, याचं त्याने दिलेलं कारण आजही चकित करतं: त्या काळी सगळीकडे उपासना म्हणजे बळी हीच समजूत होती. ती एकदम मोडणं लोकांना झेपलं नसतं. म्हणून देवाने बळी ठेवले, फक्त ते मूर्तींकडून आपल्याकडे वळवले. आणि तो विचारतो, आज एखादा प्रेषित येऊन म्हणाला की प्रार्थना नको, उपास नको, संकटात धावा नको, नुसतं मनात चिंतन करा, तर तुम्हाला कसं वाटेल? तसंच त्यांना वाटलं असतं. म्हणजे प्रार्थना आहे तिथेच राहते, पण ती आपल्या गरजेने आहे.

जग सुरू झालं की होतंच?

खरी अडचण इथे. तोराहचं पहिलंच वाक्य म्हणतं की देवाने आरंभी आकाश आणि पृथ्वी निर्माण केली. ॲरिस्टॉटलच्या मते जग नेहमीच होतं. त्याच्या मुस्लिम अनुयायांच्या मांडणीत जग देवापासूनच येतं, पण समईपासून उजेड येतो तसं. समई पेटलेली आहे तोवर उजेड पडतो, समई तसं ठरवत नाही. असा देव तोराहमधल्यासारखा ज्यूंना इजिप्तच्या गुलामीतून सोडवणार नाही, आज्ञा देणार नाही, चमत्कार तर लांबच राहिले.

भूमिती शिकताना आपण वहीत लिहायचो: पक्ष, साध्य, सिद्धता. सिद्धता म्हणजे अशी मांडणी की जिच्यातून दुसरं काही निघूच शकत नाही. रामबाम ॲरिस्टॉटलची वही तपासायला घेतो आणि म्हणतो, देवाला शरीर नाही याची सिद्धता आहे. जग अनादी आहे याची नाही. इथे फक्त 'असं असावं' एवढंच आहे, आणि हे खुद्द ॲरिस्टॉटललाही माहीत होतं.

का नाही, यासाठी तो एक गोष्ट सांगतो. एक मुलगा. आई लहानपणीच गेली, बापाने त्याला निर्जन बेटावर वाढवलं. त्याने कधी स्त्री पाहिली नाही, मादी जनावरही नाही. मोठा झाल्यावर विचारतो, माणूस होतो कसा? त्याला सांगतात, नऊ महिने दुसऱ्या माणसाच्या पोटात असतो. मुलगा हसतो. तिथे श्वास कसा घेणार? तोंड मिटलेलं, खाणार कसं? घुसमटून मरेल. त्याचा प्रत्येक मुद्दा पूर्ण वाढलेल्या माणसाबद्दल अचूक आहे आणि निष्कर्ष साफ चूक. तयार झालेल्या जगाचे नियम पाहून ते कसं सुरू झालं हे ठरवणारा ॲरिस्टॉटल म्हणजे हा बेटावरचा मुलगा.

हे सोयीस्कर नाही का?

जिथे जमलं तिथे शब्दांचा अर्थ फिरवला, जिथे नाही जमलं तिथे 'सिद्ध झालेलं नाही' म्हणाला. वकिलीच की ही! मलाही आधी असंच वाटलं होतं. पण रामबाम पुढे जे लिहितो ते कुठला वकील लिहिणार नाही: जग अनादी असल्याची सिद्धता खरोखर मिळाली असती, तर निर्मितीच्या ओळींचा अर्थ लावणं मला देवाच्या हाता-पायांपेक्षा अवघड गेलं नसतं. अर्थाची दारं बंद नाहीत. म्हणजे ग्रंथात लिहिलंय म्हणून तो निर्मिती मानत नाही. पुरावा अपुरा आहे, आणि अपुऱ्या पुराव्यासाठी अख्खा धर्म मोडायला तो तयार नाही.

म्हणून 'श्रद्धा विरुद्ध बुद्धी' ही रेघ त्याच्या नकाशावर नाहीच. त्याची रेघ सिद्ध झालेलं आणि न झालेलं यांच्यामध्ये आहे. हीच फूटपट्टी तो घरच्यांनाही लावतो. फ्रान्समधल्या धर्मगुरूंनी पत्रिका-ग्रहांविषयी विचारलं तेव्हा त्याने कळवलं की मानण्याजोग्या गोष्टी तीनच: जे तर्काने सिद्ध झालं, जे इंद्रियांना कळलं आणि जे प्रेषित-सज्जनांकडून आलं. फलज्योतिष तिन्हींत बसत नाही. पुस्तकात छापलंय म्हणून ते खरं धरू नका, हेही वर ऐकवलं.

(फ्रान्सला गेलेल्या दुसऱ्या एका पत्रात त्याने हिंदुस्थानातल्या ज्यूंचाही उल्लेख केलाय: त्यांना तोराह ठाऊक नाही, फक्त शब्बाथ आणि सुंता पाळतात. कोकणातल्या बेने इस्रायलांबद्दल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आपल्या 'शनवार तेल्यां'बद्दल लिहिणारे हे वाक्य हमखास पुढे करतात. रामबामने मात्र गावाचं नाव दिलेलं नाही.)

राजाला पडलेलं स्वप्न

सगळ्यांना ही तडजोड हवी होती असं नाही. रामबाम लहान असतानाच, ११४१मध्ये, यहुदा हलेवी वारला. स्पेनचा हा मोठा हिब्रू कवी. त्याच्या 'कुझारी' ग्रंथात खझारांच्या (कॅस्पियन समुद्राजवळच्या एका तुर्की टोळीच्या) राजाला स्वप्न पडतं: तुझा हेतू देवाला आवडतो, तुझी कृती नाही. राजा आधी तत्त्वज्ञाला बोलावतो. तो म्हणतो, देवाला आवडनिवड नसते, मन शुद्ध ठेव, कोणताही विधी चालेल. राजाचं उत्तर बिनतोड आहे. मन शुद्ध असल्याचं मला आधीच कळवलं गेलंय, अडलंय ते कृतीवर!

पुढे ज्यू पंडित येतो आणि ओळख करून देताना 'जगाचा निर्माता' म्हणत नाही. म्हणतो, अब्राहम, इसहाक, याकोब यांचा देव, ज्याने आमच्या लोकांना इजिप्तमधून बाहेर काढलं. एका देवापर्यंत तर्काने जाता येतं, दुसरा भेटलेला आहे. हलेवीच्या मते ॲरिस्टॉटलचा काही दोष नव्हता, बिचाऱ्याच्या घराण्यात असा अनुभव उतरलेलाच नव्हता, तो तर्काशिवाय आणखी काय वापरणार? तर्काला इतक्या सौजन्याने कोणी क्वचितच दाराबाहेर ठेवलं असेल.

पंचविशीआधी ग्रीक नको

रामबाम १२०४मध्ये वारला, त्याच वर्षी शमुएल इब्न तिब्बोनचं, म्हणजे सुरुवातीच्या पत्रातल्या त्या भाषांतरकाराचं, हिब्रू भाषांतर पुरं झालं आणि अरबी न जाणणाऱ्या युरोपातल्या ज्यूंच्या हातात 'वाटाड्या' पडला. १२३०च्या दशकात फ्रान्समध्ये दोन तट पडले आणि एकमेकांना बहिष्कृत करणं सुरू झालं. ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांनी ग्रंथ जाळला, असं रामबामच्या बाजूच्या लोकांनी लिहून ठेवलंय. १३०५मध्ये बार्सिलोनात शलोमो बेन अद्रेत या धर्मगुरूने पन्नास वर्षांसाठी फर्मान काढलं: पंचवीस वर्षांखालच्या कोणी ग्रीक तत्त्वज्ञानाचे ग्रंथ वाचायचे नाहीत. वैद्यकाला मात्र सूट. डॉक्टर तर लागतातच.

लोकांना राग कशाचा आला असेल याचा अंदाज 'वाटाड्या'च्या शेवटाकडे येतो. तिथे राजवाड्याचा दृष्टान्त आहे. देव म्हणजे आत बसलेला राजा. नुसता धर्मशास्त्राचा अभ्यास करणारे, ज्यांनी तत्त्वांचा विचारच केला नाही, ते वाड्यापर्यंत पोचतात पण बाहेरून चकरा मारत राहतात. दार शिकलेल्यांना सापडतं. जन्मभर पोथ्या पढलेल्यांना हे वाचून काय वाटलं असेल!

त्यानंतरही विचार थांबला नाही. गेर्सोनिडीज (१२८८–१३४४) हा खगोलशास्त्रज्ञ ॲरिस्टॉटलच्या आणखी जवळ गेला. हसदाय क्रेस्कासने १४१०मध्ये उलट ॲरिस्टॉटलचं भौतिकशास्त्रच पोखरलं: पोकळी अशक्य का? अनंत अशक्य का? बार्सिलोनातल्या १३९१च्या दंगलीत मुलगा गमावलेला हा माणूस. धर्माच्या बाजूने लढता लढता त्याने ॲरिस्टॉटलच्या विश्वाला भोकं पाडली, ती पुढे विज्ञानालाही हवीच होती.

जहाज बुडतं तेव्हा

एक प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. देवाला एकेका माणसाची काळजी असते का?

रामबामच्या सांगण्यानुसार ॲरिस्टॉटलचं उत्तर: नाही. जाती टिकतात, व्यक्तींचं काय होईल ते योगायोगाने. झाडाचं पान गळणं आणि जहाजातली भली माणसं बुडणं यांत फरक नाही. रामबाम अर्धं मान्य करतो. पान, मुंगी, मासा यांच्यापुरतं तसंच. माणूस मात्र वेगळा, कारण त्याला बुद्धी आहे आणि बुद्धीच्या धाग्याने तो देवाशी जोडलेला आहे. म्हणून तो लिहितो: वाऱ्याने जहाज बुडालं हा योगायोग असेल. पण ती माणसं त्या जहाजात चढली, हा योगायोग नव्हे. ते न्यायाने झालं, आणि तो न्याय आपल्या बुद्धीच्या आवाक्यात येत नाही.

हे लिहिणाऱ्याचा धाकटा भाऊ दाविद जवाहिराचा व्यापार करायचा. घर त्याच्या कमाईवर चालायचं, थोरला बसून लिहायचा. ११७०च्या दशकात हिंदुस्थानकडे निघालेला दाविद आपल्याच समुद्रात, अरबी लोक ज्याला हिंदचा समुद्र म्हणत तिथे, जहाजासकट बुडाला. सोबत दोघांचा आणि इतरांचा पैसाही गेला. मागे बायको आणि लहान मुलगी राहिली. बातमी आली त्या दिवसापासून रामबाम जवळपास वर्षभर ताप आणि खिन्नतेने अंथरुणावर होता. वैद्यकीवर पोट भरणं त्यानंतरचं. आठ वर्षांनी एका परिचिताला त्याने कळवलं की अजून त्याचं अक्षर किंवा एखादं पुस्तक समोर आलं की काळीज उलटं होतं.

दाविदच्या हातचं एक पत्र फुस्तातच्या सिनेगॉगमधल्या (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातल्या) जुन्या कागदांच्या ढिगात सापडलं, आज ते केंब्रिजमध्ये आहे. तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरातून त्याने ते भावाला लिहिलंय. वाळवंट ओलांडताना काफिल्याशी चुकामूक झाली, जीव वाचला. इथे निळीखेरीज घेण्यासारखं काही आलेलंच नाही, म्हणून हिंदुस्थानला जातोय. वाळवंटातून ज्याने तारलं तो समुद्रातही तारेल. घरच्यांना धीर दे, काळजी करू देऊ नकोस.

ते जहाज बुडालं की नंतरचं एखादं, हे पत्रावरून कळत नाही.